नर नसलेली बाटली

टिटवाळ्याच्या महागणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंगळवारी संध्याकाळी केळ्यांचे दोन ढीग असतात. एक हातगाडीवर मांडलेला, पिवळाधमक, दूर्वा-जास्वंदीच्या पुडीसोबत देवापुढे जाणारा. दुसरा हातगाडीखालच्या टोपलीत, साल काळवंडलेल्या आणि देठाशी मऊ पडलेल्या केळ्यांचा. हा दुसरा ढीग रात्री स्वस्तात जातो, नाहीतर सकाळी गाईंपुढे पडतो. त्याच्याभोवती चिलटं घिरट्या घालत असतात. जेमतेम अडीच मिलिमीटर लांबीची, तांबूस अंगाची, लालभडक डोळ्यांची.

“मावशी, ही येतात कुठून?”

“कुठून काय, केळ्यातूनच. फडक्याखाली झाकून ठेवली तरी निघतात,” हातातल्या पंच्याने टोपली झटकत मावशी म्हणाल्या. “आंबा आला की अजून वाढतात. चावत नाहीत बिचारी. पण गिऱ्हाईक नाक मुरडतं.”

मावशींचं निरीक्षण अचूक आहे. फळ आंबायला लागलं की सालीवर यीस्ट वाढतं, त्या वासावर मादी येते आणि तिथेच अंडी घालते. अळ्या यीस्ट खाऊन वाढतात. या माशीचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. टिटवाळ्याच्या टोपलीत तिच्या एकाहून अधिक जाती सहज सापडतील. जगभर पसरलेली मेलॅनोगॅस्टर आणि आपल्याकडे सर्रास आढळणारी अननासी या त्यांतल्या ठळक.

या अंकासाठी संपादकांनी ‘थोडंसं’ हा विषय दिला तेव्हा माझ्या मनात गेली काही वर्षं घोळत असलेला प्रश्न वर आला. किरणोत्सर्ग थोडासाच असेल तर काय होतं? अणुबॉम्बच्या झळीबद्दल कुणाला शंका नाही. पण छातीच्या एक्स-रेएवढा, सीटी स्कॅनएवढा, दगडातून आणि आकाशातून रोज येतो तेवढा? तो पुढच्या पिढीत काही बिघडवतो का? गेली जवळजवळ शंभर वर्षं या प्रश्नाचं उत्तर शोधताना विज्ञानाने सगळ्यांत जास्त वेळा याच टोपलीवरच्या माशीला साक्षीला बोलावलं आहे. म्हणून मी माशीपासून सुरुवात केली.

गूळ, मका आणि कापूस

कल्याणच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माशांच्या बाटल्या फळीवर ओळीने ठेवलेल्या होत्या. तळाशी मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर शिजवून ओतलेला थर. त्याला सगळे ‘मीडियम’ म्हणतात. बुरशी लागू नये म्हणून त्यात प्रोपिऑनिक आम्लाचे थेंब. तोंडाला कापसाचा घट्ट बोळा. पंचवीस अंश तापमानाला अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे एका शैक्षणिक सत्रात नातवंड-पतवंडं बघून होतात. माणसाच्या बाबतीत याला शतक लागलं असतं.

शिकवणाऱ्या मॅडम विद्यार्थिनींना कुमारी माद्या वेगळ्या करायला लावत होत्या. हे काम सकाळी लवकर करावं लागतं, कारण कोशातून बाहेर आल्यावर आठेक तासांनी मादी समागमाला तयार होते आणि एकदा नराशी मीलन झालं की त्याचे शुक्राणू ती पोटात साठवून ठेवते. मग तिच्या पिल्लांचा बाप कोण, हे सांगता येत नाही. नुकती निघालेली मादी फिकट असते, तिच्या पोटात एक काळसर ठिपका दिसतो. माशांना ईथरने झोपवायचं, पांढऱ्या कागदावर पसरायचं आणि मऊ कुंचल्याने एकेक बाजूला सारायची.

“घाई केलीस तर ईथर जास्त होतं, मग पंख वर उभे राहतात. तशी दिसली की समज, गेली,” मॅडम एका मुलीला सांगत होत्या. मुलगी श्वास रोखून मोजत होती.

मुंबईला या माशीची सवय जुनी आहे. होमी भाभांनी १९६२ साली ओबैद सिद्दिकींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे सिद्दिकी आणि गोव्याच्या कुटुंबातून आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी याच माशीवर चव आणि वास यांचं जनुकशास्त्र उलगडलं. कुलाब्याच्या त्या कामात उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांत बदल, घडवायला मुख्यतः रसायनं वापरली गेली. किरणांची कथा मात्र अमेरिकेत, त्याआधी पस्तीस वर्षं सुरू झाली होती.

मुलरची युक्ती

हर्मन मुलर टेक्सास विद्यापीठात होता. जनुकांत आपोआप बदल होतात हे तोवर ठाऊक होतं, पण ते इतके विरळ की एखाद्या बदलाची वाट बघण्यात आयुष्य जावं. मुलरला दोन गोष्टी हव्या होत्या: बदल वाढवणारं काहीतरी आणि बदल झटकन ओळखण्याची रीत. पहिली गरज एक्स-रेने भागवली. दुसरीसाठी त्याने जे केलं, ते मला जनुकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माशीतही मादीला दोन एक्स गुणसूत्रं, नराला एकच. मुलरने अशी मादी तयार केली की तिच्या एका एक्सवर तीन खुणा होत्या. त्या गुणसूत्राची जोडीदाराशी सरमिसळ होऊ न देणारी उलटापालट, एक घातक जनुक आणि डोळा पट्टीसारखा अरुंद करणारं जनुक. याला ‘सीएलबी’ म्हणतात. किरणं दिलेल्या नराशी तिचं मीलन घडवायचं. पुढच्या पिढीत अरुंद डोळ्यांच्या मुली निवडायच्या. अशा प्रत्येक मुलीकडे आईचं खुणेचं एक्स असतं आणि बापाचं किरणं खाल्लेलं एक्स. आता तिला एकटीला एका बाटलीत, एखाद्या नरासोबत ठेवायचं.

तिच्या मुलग्यांपैकी ज्यांना खुणेचं एक्स मिळेल ते त्यातल्या घातक जनुकामुळे मरणारच. उरले ते तिच्या बापाकडून आलेलं एक्स मिळालेले. त्या एक्सवर किरणांनी एखादा जीवघेणा बदल घडवला असेल तर तेही मरतात. मग बाटलीत फक्त माद्या दिसतात. भिंगाची गरज नाही, मोजणी नाही. बाटली उजेडात धरायची आणि नर आहे का बघायचं. नर नसलेली बाटली म्हणजे बदललेलं गुणसूत्र.

१९२७ मध्ये मुलरने निष्कर्ष छापले आणि १९४६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुढे अनेक प्रयोगशाळांत हेच आकडे पडताळले गेले. ढोबळमानाने, शुक्राणूंना १००० राँटगेन दिले तर शंभरांतल्या तीनेक एक्स गुणसूत्रांवर घातक बदल दिसतो. आजच्या मापात १०० राँटगेन म्हणजे जवळपास एक ग्रे. मात्रा निम्मी केली की बदल निम्मे. आलेखावर सरळ रेघ. ही रेघ शून्यापर्यंत तशीच जाते का, हा सगळा वाद.

रोज अडीच राँटगेन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबॉम्बच्या प्रकल्पाला हा प्रश्न अचानक निकडीचा झाला. हजारो कामगार थोड्या मात्रेत, पण रोज किरणं घेत होते. रॉचेस्टर विद्यापीठात कर्ट स्टर्नच्या देखरेखीखाली दोन प्रयोग झाले. वॉरन स्पेन्सरने झटक्यात दिलेल्या एक्स-रेची मात्रा २५ राँटगेनपर्यंत खाली नेली. रेघ सरळच राहिली. अर्न्स्ट कॅस्परीने मात्र गॅमा किरणं हळूहळू दिली, रोज अडीच राँटगेन, एकवीस दिवस. नरांचे शुक्राणू पोटात साठवलेल्या माद्या त्या काळात थंड तापमानाला ठेवल्या होत्या. एकूण मात्रा ५२.५ राँटगेन. निकाल आला तेव्हा किरणं दिलेल्या आणि न दिलेल्या माशांत ठाम सांगता येईल असा फरक सापडला नाही.

दोन्ही निबंध १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅस्परीच्या किरणं न दिलेल्या माशांतही घातक बदल नेहमीपेक्षा जास्त होते, कारण साठवलेले शुक्राणू जुने होत जातात तसे त्यांच्यात आपसूक बदल वाढतात. म्हणजे तुलनेचा पायाच वर सरकलेला. पुढच्या वर्षी डेल्टा अपहॉफ आणि स्टर्न यांनी आणखी प्रयोग जोडून रेघेला आधार मिळतो असं मांडलं. मुलरने डिसेंबर १९४६ च्या नोबेल भाषणात सुरक्षित उंबरठा (ज्याखाली किरणं काहीच बिघडवत नाहीत अशी मात्रा) नाही असं निक्षून सांगितलं होतं आणि त्याच्या काही आठवडे आधी कॅस्परीचं हस्तलिखित त्याच्या हाती आलं होतं. यावरून एडवर्ड कॅलाब्रेसी या विषशास्त्रज्ञाने गेल्या पंधराएक वर्षांत त्याच्यावर कॅस्परीचा निकाल जाणूनबुजून दडपल्याचा आरोप केला आहे. इतर अभ्यासकांना तो पटलेला नाही. मलाही पटत नाही: एका वेगळ्या पडलेल्या प्रयोगाने आधीची सगळी रेघ मोडावी इतका तो भक्कम नव्हता, आणि तो फेरतपासायला हवा असं मुलरचं मत त्याच्या पत्रांतही दिसतं.

माझ्या मते खरा मुद्दा हेतूंचा नाहीच, संख्येचा आहे. कल्याणच्या प्रयोगशाळेत मॅडमसोबत बसून मी तो कागदावर मांडला.

समजा, किरणं नसतानाही हजारातल्या एका बाटलीत नर सापडत नाहीत. एक लाख बाटल्यांत अशा शंभर. रेघ खरी मानली तर एका राँटगेनने, म्हणजे सुमारे १० मिलिग्रेने, त्या शंभराच्या होतील एकशे तीन. पण निव्वळ योगायोगानेच शंभराच्या कधी नव्वद होतात, कधी एकशे दहा. तीनचा फरक त्या चढउतारात बुडून जातो. तो खात्रीने वेगळा काढायचा तर किरणं दिलेल्या बाजूला नव्वद लाखांच्या आसपास बाटल्या हव्यात आणि न दिलेल्या बाजूला तेवढ्याच. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत होती. तिच्यातल्या प्रत्येकाने चौदा-पंधरा बाटल्या सांभाळल्या तर हा एक प्रयोग होईल. मात्रा एक मिलिग्रेवर आणली तर बाटल्या शंभर पटीने वाढतात.

“आमच्याकडे वर्षाला मीडियमचा खर्च मंजूर करून घेतानाच दमछाक होते,” मॅडम म्हणाल्या.

आणि स्पेन्सरची ‘अल्प’ मात्रा, २५ राँटगेन? ती पोटाच्या पंचवीसेक सीटी स्कॅनइतकी भरते. माशीच्या प्रयोगशाळेतलं थोडं आणि दवाखान्यातलं थोडं यांत इतकं अंतर आहे. माशी थेट उत्तर देते ती मोठ्या मात्रांसाठी. खाली तिची साक्ष क्षीण होत जाते आणि शेवटी ऐकूच येत नाही. ऐकू न येणं म्हणजे काही घडलं नाही, असं नव्हे. घडलंच, असंही नव्हे.

दुरुस्ती करणाऱ्या पेशी

रेघेच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद भौतिकशास्त्राचा आहे. एक मिलिग्रे मात्रेला पेशीच्या केंद्रकातून सरासरी साधारण एकच इलेक्ट्रॉन भरधाव जातो. मात्रा आणखी कमी केली तर तो इलेक्ट्रॉन मवाळ होत नाही. कमी पेशींना धक्का बसतो, पण ज्यांना बसतो त्यांना तेवढाच बसतो. एकाच धक्क्याने डीएनएचे दोन्ही धागे एका जागी तुटू शकतात. मग उंबरठा येणार कुठून?

उत्तर पेशीच्या बाजूने येतं: दुरुस्तीतून. जपानमध्ये ताकाओ कोआना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये माशीच्या शरीरपेशींवर प्रयोग छापला. दुरुस्तीची यंत्रणा शाबूत असलेल्या माशांत सुमारे एक ग्रेपर्यंत बदल वाढले नाहीत. त्यांच्याच भावंडांत, ज्यांची दुरुस्तीची जनुकं बिघडलेली होती, उंबरठा खाली आला आणि रेघ पाचपट तिरकी झाली. २००७ मध्ये त्यांनी नरांच्या अपक्व जननपेशींना ०.२ ग्रे सावकाश दिले, तेव्हा बदल किरणं न दिलेल्यांपेक्षाही कमी आढळले.

इथे मुलर आणि स्टर्न यांच्या प्रयोगांचा एक तपशील नव्याने महत्त्वाचा ठरतो. त्यांनी मुख्यतः पक्व शुक्राणूंना किरणं दिली होती. पक्व शुक्राणू स्वतः जवळजवळ दुरुस्ती करत नाही. जी व्हायची ती बीजांडात शिरल्यावर. म्हणजे सरळ रेघ अशा पेशीत सापडली जिच्याजवळ स्वतःचा बचाव नव्हता. उंदरांतही अशीच खूण मिळाली. ओक रिज येथे विल्यम आणि लियान रसेल यांनी १९५८ मध्ये दाखवलं की तीच मात्रा आठवड्यांवर पसरून दिली तर नरांच्या मूळ जननपेशींत बदल झटक्यात दिलेल्या मात्रेच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच होतात. सावकाशपणाला किंमत आहे. पण रसेल यांच्या उंदरांत बदल शून्यावरही आले नव्हते, हे तितक्याच ठळकपणे सांगायला हवं.

काळ्या दगडावर आणि काळ्या वाळूवर

टिटवाळ्यात काळू नदीच्या पात्रात उतरलं की पायाखाली काळा बेसाल्ट लागतो. सह्याद्रीचा हा लाव्हाचा दगड युरेनियम आणि थोरियमच्या बाबतीत गरीब आहे. त्यामुळे मुंबईच्या टापूत जमिनीतून आणि आकाशातून येणारी गॅमा मात्रा वर्षाला अर्ध्या मिलिग्रेच्या आसपास, देशातल्या मोठ्या शहरांत कमी. चेन्नई, बंगळुरू ग्रॅनाइटी खडकांवर वसलेली. तिथे ती बरीच जास्त. हातगाडीवरचं केळंही किरणोत्सर्गी आहे. त्यातल्या पोटॅशियमचे साधारण पंधरा अणू दर सेकंदाला फुटतात. आपल्या शरीरातही असेच चारेक हजार अणू दर सेकंदाला फुटत असतात. केळं खाऊन हा आकडा वाढत नाही, कारण जास्तीचं पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं.

खरी परीक्षा केरळात. कोल्लम जिल्ह्यात चवरा ते करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम. काही घरांत वर्षाला ४५ मिलिग्रेपर्यंत मात्रा मोजली गेली आहे आणि तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कोल्लममध्ये त्यासाठी खास प्रयोगशाळा चालवली आहे. हान्स ग्रुनेबर्ग या जनुकशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात त्या किनाऱ्यावरच्या उंदरांच्या दात-हाडांची तपासणी केली. वाळूवरच्या आणि वाळूबाहेरच्या उंदरांत किरणांमुळे म्हणता येईल असा फरक मिळाला नाही. १९७६ मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी त्या भागात डाउन सिंड्रोमचं प्रमाण जास्त असल्याचं ‘नेचर’मध्ये लिहिलं आणि मोठा वाद झाला. पुढे १९९५ ते २०११ या काळात तिथल्या रुग्णालयांत जन्मलेल्या सुमारे १ लाख ४१ हजार बाळांची नोंद ठेवली गेली. जन्मजात व्यंगं आणि मृत जन्म यांचा पार्श्वभूमीच्या मात्रेशी संबंध आढळला नाही. करुनागपल्लीत सत्तर हजारांच्या जवळपास रहिवाशांचा दहा वर्षांहून अधिक पाठपुरावा झाला; २००९ च्या अहवालात कर्करोगही वाढलेला दिसला नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांवर जेम्स नील आणि विल्यम शुल यांनी केलेल्या अभ्यासातही वारशाने आलेला स्पष्ट बिघाड मिळाला नाही.

हे आकडे दिलासा देणारे आहेत आणि मी ते दिलासा म्हणूनच सांगतो. पण बाटल्यांचं गणित इथेही लागू आहे. लाखावर बाळं म्हणजे फार मोठा अभ्यास, तरी लहानसा परिणाम त्यात दडू शकतो. परिणाम असलाच तर तो छोटा आहे, इतकंच ही बाळं ठामपणे सांगतात.

त्याच रुळावर, लासलगावला

टिटवाळ्यावरून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग घाट चढून नाशिक, मग लासलगावला पोचतो. तिथे भाभा केंद्राने २००२ मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं. कोबाल्ट-६० ची गॅमा किरणं आधी कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून दिली गेली. २००७ पासून अमेरिकेला जाणारा आंबा तिथून जाऊ लागला. अट अशी की आंब्याला किमान ४०० ग्रे मिळाले पाहिजेत. आंबा बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती वेगळी, मोठी, फळाच्या गरात अंडी घालणारी माशी. तिच्या अळ्या आणि कोयीतला भुंगा या मात्रेत मरतात किंवा पुढे प्रजा वाढवू शकत नाहीत. मुलरच्या शोधाचा हा व्यावहारिक वारसा. काही देशांत तर कारखान्यात वाढवलेले नर किरणांनी वंध्य करून मोकळे सोडतात आणि त्यांच्याशी मीलन झालेल्या माद्यांची अंडी फुकट जातात. ४०० ग्रे म्हणजे चार लाख मिलिग्रे. ‘किरणोत्सर्ग’ या एकाच नावाखाली आपण किती लांबचे आकडे एका पिशवीत कोंबतो, हे लासलगावला उमगतं. विकिरण केलेला आंबा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, हेही.

चिठ्ठी आणि फिल्म

टिटवाळ्याचे लोक सीटी स्कॅनसाठी कल्याणला येतात. एका तपासणी केंद्राच्या बाकावर बसून लोकांशी बोललो. भीती उलट्या क्रमाने वाटलेली दिसली. इमारतीवरच्या मोबाइल टॉवरबद्दल बहुतेकांना धास्ती. सीटीबद्दल फारसं कुणी विचारत नाही. टॉवरच्या लहरींत डीएनएचा धागा तोडण्याइतकी ऊर्जा नसते, एक्स-रेमध्ये असते. छातीच्या एक्स-रेची मात्रा मिलिसीव्हर्टच्या (एक्स-रेसाठी साधारण मिलिग्रेइतकंच माप) दहाव्या हिश्शाहून कमी, पोटाच्या सीटीची आठ ते दहा.

नियम करणारी अणुऊर्जा नियामक परिषद सरळ रेघ धरून चालते: सामान्य नागरिकाला किरणं वापरणाऱ्या ठिकाणांहून येणारी मात्रा वर्षाला जास्तीत जास्त एक मिलिसीव्हर्ट, किरणांशी काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वीस. कोआनांच्या माशा पाहूनही मला हेच योग्य वाटतं. रेघ उचलून धरायची ती सावधगिरीची मोजपट्टी म्हणून. मात्र हीच रेघ घेऊन कोट्यवधी लोकांच्या किरकोळ मात्रा बेरजेत टाकून मृत्यूंचे आकडे छापणं चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्ग समितीनेही तसं न करण्याचा सल्ला दिला आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या त्या समितीवर सुरुवातीला आपले डॉ. वसंत रामजी खानोलकर होते, कर्करोगाचे पॅथॉलॉजिस्ट.

रुग्णाला मात्र मर्यादेचा आकडा लागू नाही, कारण तिथे किरणांचा फायदा त्याच माणसाला होतो. म्हणून निर्णय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येतो. त्या दुपारी एक बाई आजारी सासूबाईंना घेऊन आल्या होत्या. तंत्रज्ञाने विचारलं, “आधीचा स्कॅन आहे का?” “आहे, पण घरी राहिला.” मग मुलाला फोन गेला, कपाटातल्या पिवळ्या पिशवीतली फिल्म घेऊन ये म्हणून. डॉक्टरांनी आधीच्या फिल्मवरून भागत असेल तर बघू, असं सांगितलं आणि त्या दोघी थांबल्या. गरोदरपणाची शक्यता असेल तर स्कॅनआधी सांगा, हा मराठी फलक दारावर होता. जुनी फिल्म सोबत नेणं, सोनोग्राफीने भागेल का ते विचारणं आणि या स्कॅनमुळे उपचारात काय बदलणार हे ऐकून घेणं, एवढं रुग्णाच्या हातात असतं. ते सगळ्यांनी वापरावं, असं मला मनापासून वाटतं.